मोती रडणारा ससा

एक होता राजा. त्याची लेक केतकी आणि केतकीचा ससा कापशा. राजवाड्यातला ससा, म्हणून राजा त्याला गवताऐवजी रोज शिराच चारायचा. एकदा काय झालं, कापशाच्या डाव्या डोळ्यातून टप्पकन थेंब पडला आणि त्याचा झाला मोती. खरा, टपोरा मोती!

मग काय, राजा नाचायलाच लागला. दुसऱ्या दिवशी दहा मोती, तिसऱ्या दिवशी ओंजळभर! दृष्ट लागेल म्हणून राजानं सशाला पडद्याआड बसवलं. कुणाला बघूच देईना. खायला आता वाटी भरभरून शिरा. मोती देणाऱ्या सशानं गवत खायचं होय? असा शहाणा राजा!

मग केतकी हळूच पडद्याआड शिरली. बघते तर काय! डोळा लाल, अर्धा मिटलेला. गालावरचे केस भिजून चिकटलेले. शिरा तसाच. ससे दुखलं तरी ओरडत नाहीत, बरं का. आपणच ओळखायचं असतं. केतकीनं राजाला हाक मारली.

"बाबा, कापशा आंधळा होईल हो!"

"अगं, आनंदाश्रू आहेत ते," राजा म्हणाला.

मग केतकीनं कापशाला पोटाशी धरलं आणि धूम ठोकली. मागे शिपाई, त्यांच्या मागे राजा, राजाच्या मागे गडगडत त्याचा मुकुट! थेट गुरांच्या वैद्यीणबाईंचा, साळूबाईंचा गोठा.

साळूबाईंनी डोळा बघितला, ससा काय खातो ते केतकीला विचारलं. मग सशाचं तोंडच उघडलं.

"डोळा दुखतोय आणि ही दात बघते!" राजा ओरडला.

"गप ऱ्हावा, म्हाराज! सशाचं दात जल्मभर वाढत्यात. गवत चावलं की झिजत्यात. तुमी चारला शिरा! दाढंचं मूळ वर घुसलंय, डोळ्याच्या पान्याची वाट बंद झालीया. दाढा घासते, डोळा वाचंल. पन मोती बंद. बोला!"

राजा बोटांवर मोती मोजू लागला. मग केतकीनं कापशाला त्याच्या हातात दिलं. एवढासा जीव, नुसता धडधडत होता. राजानं आज पहिल्यांदा तो डोळा जवळून बघितला.

"घासा," तो म्हणाला. "मी धरतो त्याला."

मग साळूबाईंनी दाढा घासल्या. आपण घरी नाही हं करायचं असलं काही, ते वैद्यीणबाईंचंच काम! डोळा धुतला, औषध घातलं. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक थेंब आला. राजानं हात पुढे केला आणि पुटपुटला, "मोती होऊ नकोस रे, होऊ नकोस!"

टप्प! पाणी. नुसतं पाणी! राजानं अशी उडी मारली म्हणता!

आणि कापशानं डोळा टक्क उघडला, गवत कर्रकर्र खाल्लं. मग सगळे सुखात राहिले. रोज गवत कापून दमलेला राजा बघा कसा घोरतोय. तुमच्यात कुणाचा डोळा दुखतोय का रे? नाही? मग मिटा बघू.