टिपणिसांचं स्वस्त पेट्रोल

सोसायटीचे चेअरमन टिपणीस शहराबाहेरच्या पंपावरच पेट्रोल भरत, कारण तिथं ते स्वस्त होतं. टाकी पार रिकामी करून न्यायची, म्हणजे स्वस्तातलं जास्त मावतं, हा त्यांचा महान शोध. "शहरात पेट्रोल भरतात ती गाढवं!" असं ते प्रत्येक मीटिंगमध्ये सुनावत.

एका रविवारी पंप गाठायच्या आतच गाडी हायवेवर बंद पडली. घरी मुलीला बघायला पाहुणे येऊन बसलेले. टिपणिसांनी घाबरून शेजारच्या चुरीबाईंना फोन लावला, "बाटलीभर पेट्रोल आणा हो!"

चुरीबाई स्कूटरवरून आल्या. टिपणिसांनी अधीरपणे हात पुढे केला, तशी त्यांनी बाटली मागे घेतली.

"चेअरमनसाहेब, हे शहरातलं आहे, गाढवांनी भरायचं. कुणाच्या टाकीत ओतू?"

पाहुणे खोळंबलेत म्हणून घरून फोन वाजतच होता.

"माझ्या," टिपणीस पुटपुटले.