सशाच्या फेऱ्या

लई मागं, जनावरं फुटबॉल खेळायची तवाची गोष्ट. कप्तान रानडुकरानं सुतारपक्ष्याला मोजणीला बसवलं. गडी मैदानात एक फेरी पळला की झाडावर त्याच्या नावाचं एक भोक. कमी भोकंवाला संघाबाहेर.

ससा लगीच पळाया लागला. त्याला एका जागी थांबवंना. बॉल कुठंबी असू दे, ह्यो आपला गरागरा पळतोय.

"आरं सशा, बॉल तुझ्या पायापाशी हाय," गोलात हुभं कासव म्हणालं.

"गप रं, मोजणी चाललीय."

संघानं सात गोल खाल्ले. रानडुक्कर तणतणत झाडाखाली आलं. "सुतारा, चांगलं कोण खेळलं?"

"ससा. त्याच्या भोकांनी झाड भरलं."

"बॉलला कितींदा शिवला?"

"ते मोजायला तुमी कुठं सांगितलं व्हतं, कप्तान?"

नियम रानडुकराचाच. ससा संघात ऱ्हायला, आन् धा गोल अडवलेलं कासव बाहेर गेलं.