गोदूबाईचं अर्धं वाक्य

सन १९५८, पौष महिना, संक्रांत तोंडावर आलेली. गोदूबाई कासारणीकडे बांगड्यांचा माल भरायला पैसा नव्हता. तिचे साठ रुपये निवृत्त मामलेदार रावसाहेब घारपुऱ्यांनी उसने नेले होते आणि मागितले की हसण्यावारी नेत.

हेच रावसाहेब चावडीत गावाला इंग्रजी शिकवत. उदाहरण घरचं आणि खरंच हवं, हा त्यांचा दंडक.

"उसनं घेणं म्हणजे बॉरो, देणं म्हणजे लेंड. गोदे, दे उदाहरण. का बांगड्याच विकणार जन्मभर?"

गोदूबाई उठली. "रावसाहेब, तुम्ही साठ रुपये बॉरो केलेत. मी लेंड केले. आता फेडायला काय म्हणतात तेवढं सांगा, म्हणजे माझं वाक्य पुरं होईल."

सारी चावडी हबकली. सरपंचांच्या हातातला विडा हातातच राहिला.

रावसाहेबांनी कोटाच्या खिशातून नोटा काढल्या आणि तिच्या ओंजळीत ठेवल्या.