ज्याने हरवले, त्याच्या घरी

एकदा एका वृद्ध प्रशिक्षकाची शिष्या आशियाई बॅडमिंटन स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत हरली. स्पर्धा मलेशियात होती. शिष्येचे नाव शाल्मली, वय एकवीस. गुरू मिरजेचे घारपुरे सर, पंचाहत्तरी उलटलेले. तिसऱ्या गेममध्ये एकोणीस-एकोणीस अशी बरोबरी असताना लागोपाठ दोन गुण गेले आणि सगळी तपश्चर्या पाण्यात गेली, असे तिला वाटले. थायलंडच्या विजयी मुलीच्या हाताला तिने जेमतेम बोटे लावली आणि मान खाली घालून ती बाहेर पडली.

सर समजूत घालतील, निदान रागावतील तरी, अशी तिची अपेक्षा होती. ते एवढेच म्हणाले, "कपडे बदल. आपल्याला एकांकडे जायचंय."

"आत्ता? कुणाकडे?"

"ओंग म्हणून आहेत. पन्नास वर्षांपूर्वी याच स्पर्धेत त्यांनी मला हरवलं होतं."

शाल्मलीला हे विचित्र वाटले, थोडे निष्ठुरही. पण सरांच्या पिशवीत सांगलीच्या भडंगाचा पुडा होता. म्हणजे ही भेट मिरजेहून निघतानाच ठरलेली होती.

ओंग यांनी दार उघडले. दोन्ही म्हातारे एकमेकांचे खांदे धरून नुसतेच उभे राहिले. बोलणे मोडक्यातोडक्या इंग्रजीत, तेही बेताचेच. चहा झाला आणि ओंग यांनी टेबल भिंतीकडे सरकवले. मग त्या बैठकीच्या खोलीत जुना सामना पुन्हा सुरू झाला. हातात रॅकेट नाही, शटल नाही. सरांचा गुडघा वाकत नव्हता, ओंग यांना दम लागत होता. एकदा सरांनी हात उंचावून शटल पार मागे टोलावल्यासारखे केले, तेव्हा ओंग थांबले.

"नाही, नाही. तेव्हा तू ड्रॉप मारला होतास. अगदी जाळीलगत. मी जागचा हललोसुद्धा नव्हतो!"

"मी? मारला होता?" सरांनी विचारले आणि त्यांचे डोळे भरून आले.

परतताना टॅक्सीत शाल्मलीने विचारले, "सर, ज्यांनी हरवलं त्यांच्याच घरी जायचं, तुम्हाला त्रास नाही होत?"

"झाला ना. वीस वर्षं मी त्यांच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. दरम्यान माझे गुरू गेले, बरोबरीचे खेळाडू एकेक करून गेले. मग एक दिवस लक्षात आलं, गावात कुणालाही विचार, सांगतील, घारपुरे हरले. पण मी खेळलो कसा, हे आता जगात एकाच माणसाला आठवतंय. माझं तारुण्य त्यानं जपून ठेवलंय गं. माझ्यापाशीसुद्धा तेवढं उरलेलं नाही. ती वीस वर्षं मी उगाच घालवली."

शाल्मलीने फोनवर उद्याचे वेळापत्रक उघडले. मग म्हणाली, "उद्या विमान दुपारी आहे ना? सकाळी त्या मुलीची उपांत्य लढत आहे."

"मग?"

"बघायला जाऊ. आणि सर, तिचं नाव नेमकं कसं उच्चारतात, ते कुणाला तरी विचारायला हवं."