चांदव्याचा कोपरा

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात हात रिकामे ठेवून बसलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही. कुणी चाकावर माती फिरवतोय, कुणी भात्यापाशी घाम पुसतोय, कुणी लाखेच्या बांगड्या वळतंय. आणि तोंडं? ती तर हातांपेक्षा जोरात चालायची! आपल्या कामाबद्दल बोलायला लागले की त्या लोकांना जेवणाचीसुद्धा शुद्ध राहत नसे.

या बोलण्यासाठी गावानं एक दिवसच राखून ठेवला होता. त्याला म्हणायचे सांगणी. देवीच्या यात्रेच्या तीन आठवडे आधी सगळे कारागीर देवळापुढच्या पारावर जमायचे. एकेकानं वर चढायचं आणि वर्षभरात केलेली नवी वस्तू दाखवायची. देवीची पूजा करणारी म्हातारी गुरवीणबाई मग एकच प्रश्न विचारायची, "कुठून सुचलं?" त्याचं खरं उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं. ज्याचं काम आणि सांगणं गावाला आवडेल, त्याला त्या वर्षी देवीचं काम मिळायचं.

त्या वर्षी काम साधंसुधं नव्हतं. पालखीवर चार काठ्यांवर छतासारखा धरायचा चांदवा जुना होऊन विरला होता. नवा विणायचा होता. चांदवा पन्नास-पन्नास वर्षं टिकतो, म्हणजे असं काम माणसाच्या वाट्याला आलं तर जन्मात एकदाच. शिवाय यात्रेत पालखी उठली की चांदव्याची पहिली काठी तो विणणाऱ्यानं धरायची, असा मान होता.

गावात एक विणकर होता. हात चांगला, स्वभाव उतावळा. सांगणीच्या पारावर तो तीनदा चढला होता आणि तीनदा हात हलवत खाली उतरला होता. या खेपेला चांदवा आपणच विणायचा, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण नवं काही सुचेल तर ना!

एके दिवशी तो फुलांसाठी परडी आणायला बुरुडिणीकडे गेला. बुरुडीण अंगणात बसून बांबूच्या कामट्यांची चौकोनी परडी विणत होती. विणकरानं सहज पाहिलं आणि तो जागच्या जागी उभाच राहिला. एक कामटी वर चढत होती, दुसरी तिच्याखालून निसटत होती, तिसरी दोघींना ओलांडून पुढं धावत होती. परडीच्या अंगावर नुसती नागमोडी रेघ पळत होती! हे सुतात उतरलं तर? लाल आणि पिवळ्या सुतात? परडी न घेताच तो घराकडं धावत सुटला.

"अरे, परडी!" बुरुडीण मागून ओरडली. पण ऐकतो कोण? मागावर बसून त्यानं वीतभर पट्टी विणली, ती उजेडात धरली आणि आनंदानं एकटाच टाळ्या पिटायला लागला.

सांगणीचा दिवस आला. बुरुडीण त्या दिवशी बांबू आणायला डोंगरावर गेली होती. पारावर कुंभार चढला आणि म्हणाला, "माठाची ही मान मला पाण्यात उभ्या असलेल्या बगळ्यावरून सुचली." लोहार म्हणाला, "विळ्याचा बाक पोपटाच्या चोचीवरून घेतला." कासारीण म्हणाली, "पहाटे पूर्वेला जो रंग आला होता, तो बांगडीत पकडायला मला चार महिने लागले." लोक वा वा करत होते. एकमेकांच्या वस्तू हातात घेऊन उलट्यासुलट्या करून बघत होते.

मग विणकरानं आपली पट्टी उलगडली. लाल-पिवळी नागमोड उन्हात अशी झळकली की कुंभारानं बगळ्याचा माठ खाली ठेवला आणि तो पुढं सरकला.

"कुठून सुचलं रे?" गुरवीणबाईनं विचारलं.

विणकराच्या ओठांवर "परडी" हा शब्द आलाच होता. पण त्याच्या मनात आलं, कुणाला बगळा सुचतो, कुणाला पहाट सुचते, आणि मी काय सांगू? टोपली? हसतील सगळे! आणि चांदवा हातचा गेला तर?

तो म्हणाला, "माझ्याच डोक्यातून! बसल्या बसल्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चांदव्याचं काम विणकराला मिळालं. घरी जाताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्यानं मागावर सूत चढवलं आणि कामाला लागला. खालचा काठ दोन दिवसांत विणून झाला, अगदी परडीसारखा. आता काठ कोपऱ्यावरून वर वळवायचा होता. विणकरानं आडवं सूत नेणारा धोटा टाकला आणि घोटाळा झाला! कोपऱ्याशी सगळ्या रेघा एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि कापडाला फुगवटा आला. त्यानं उसवलं आणि पुन्हा विणलं. पुन्हा फुगवटा. अहो, परडीची एकच बाजू बघून गडी घरी पळाला होता! कोपरा कसा वळतो, हे त्यानं पाहिलं होतं कुठं?

पाच-सहा दिवस तो विणत आणि उसवत राहिला. सूत पिंजायला लागलं. तेवढ्यात डोंगरावरून परतलेली बुरुडीण हसत हसत त्याच्या दारात आली.

"ऐकलं मी! चांदवा तुझ्याकडं आलाय म्हणे. फार बरं वाटलं बघ. दाखव की!"

विणकरानं घाईघाईनं मागावर चादर टाकली. "आत्ता नको अक्का. पुरा झाला की सगळ्यांबरोबर बघ."

"बरं बाबा. काही लागलं तर सांग हो," असं म्हणून ती गेली. विणकराला इतकी लाज वाटली की दुपारची भाकरी त्यानं तशीच झाकून ठेवली. जिला विचारायचं तीच दाराशी येऊन गेली होती, आणि आता तिला विचारायची सोय त्यानंच ठेवली नव्हती.

मग त्यानं युक्ती काढली. नाहीतरी परडी घ्यायची राहिलीच होती! तो बुरुडिणीच्या अंगणात जाऊन बसला आणि डोळे फाडून बघू लागला. पण बघतो तर काय, सगळ्या टोपल्या गोल!

"चौकोनी नाही का विणत हल्ली?" त्यानं साळसूदपणे विचारलं.

"यात्रा तोंडावर आली ना! प्रसादाला गोलच लागतात. चौकोनी आता यात्रेनंतर."

"एखादीसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही. होत्या त्या परगावच्या बाजारात गेल्या. का रे, एवढा घाम का फुटलाय तुला?"

विणकर तसाच घरी आला. यात्रेला दहा दिवस उरले होते. मागावर नुसता खालचा काठ आणि पायाशी उसवलेल्या सुताचा गुंता. नक्षी सोडून साधा काठ विणावा, तर गाव विचारणार, तुझ्याच डोक्यातली नक्षी तुलाच का येईना? गप्प राहावं, तर देवी उन्हात निघणार. त्यानं तो गुंता पायानं बाजूला सारला. मग उठला, तडक देवळात गेला आणि त्यानं घंटा वाजवायला सुरुवात केली.

भलत्या वेळी घंटा ऐकून सगळं गाव हातातलं काम टाकून धावलं. कुंभाराच्या हाताला माती तशीच होती. बुरुडीण कोयत्यासकट आली. विणकर पारावर चढला.

"सांगणीच्या दिवशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "नक्षी माझ्या डोक्यातली नाही. अक्काच्या परडीवरची आहे. हसाल म्हणून लपवलं. आणि आता मला कोपरा वळवता येत नाही."

मग लोहार गरजला, "काढून घ्या त्याचं काम!"

"घ्याच!" मागून कुणीतरी ओरडलं.

गुरवीणबाईनं हात वर केला. "ज्याची नक्षी, त्यानं ठरवावं. बोल गं."

बुरुडिणीचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या दारात येऊन बसलास, माझ्या टोपल्या निरखल्यास, आणि तोंडानं एक शब्द नाही?" ती म्हणाली. "वाईट वाटलं मला. मागितली असतीस तर हौसेनं दिली असती." विणकराची मान खाली गेली. मग तिनं विचारलं, "किती दिवस उसवत बसलायस?"

"नऊ."

"नऊ दिवस! अरे वेड्या, एका श्वासात सांगण्यासारखी गोष्ट आहे ती! चल, दाखव तुझा माग. काम तूच करायचंस, पण माझ्या डोळ्यांसमोर."

सगळं गाव विणकराच्या घरात घुसलं. जागा पुरेना, तेव्हा पोरं खिडकीत चढली. बुरुडीण मागाशी वाकली आणि कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं पाचवी कामटी मी मोकळी सोडते. तू पाचवा धागा सोड. सगळं भरगच्च भरलंस तर रेघेला वळायला जागा कुठं उरणार?"

विणकरानं पाचवा धागा सोडला. धोटा टाकला, फणी ठोकली. पुन्हा धोटा, पुन्हा फणी. आणि ती नागमोड मान वळवून सरळ वर निघाली!

"वळली! वळली!" कासारीण ओरडली. लोहारानं, हो, त्याच लोहारानं, कुंभाराला मिठी मारली आणि स्वतःच्या सदऱ्याला माती लावून घेतली.

मग काय विचारता! कुणी सूत उकलून दिलं, कुणी कांड्या भरल्या, कुणी भाकरी आणून दिली. वरचे दोन कोपरे विणकरानं कुणालाही न विचारता वळवले. यात्रेच्या आदल्या दिवशी चांदवा मागावरून उतरला. चारही कोपरे पाण्यासारखे सपाट होते.

यात्रेत ढोल घुमले, पालखी उठली. लाल-पिवळा चांदवा वर चढला तसा माणसांचा असा जल्लोष झाला की नदीपलीकडची गुरं बुजली. गुरवीणबाईनं पहिली काठी विणकरापुढं केली.

"मी दुसरी धरतो," विणकर मोठ्यानं म्हणाला. "पहिली अक्काची."

बुरुडिणीनं पदराला हात पुसले आणि काठी धरली. "आणि तुला गं कुठून सुचली ही वीण?" गुरवीणबाईनं तिला विचारलं.

"मला सासूबाईंनी शिकवली," बुरुडीण म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "त्यांना कुठून सुचली, ते विचारायचं मात्र राहूनच गेलं."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव लपवलं, तर पुढचं शिकायची वाट आपणच बंद करतो; नाव मोकळेपणानं घेतलं, तर काम पुरं होतं आणि आनंद साऱ्या गावाचा होतो.