दादाचं पान

"आणि पुरणपोळीवर बासुंदी जड होईल का हो बुवा? का बासुंदी काढूनच टाकू?"

विश्वासराव रंगबुवांना विचारत होते. मठाच्या स्वयंपाकघरात बुवा पत्रावळ मांडून नुकतेच जेवायला बसले होते.

"आळूवड्या, भरली वांगी, मसालेभात, कटाची आमटी... एवढं तर पाहिजेच. कोशिंबिरी दोन. नाही, तीनच करू."

"येतंय कोण?"

"दादा," विश्वासराव म्हणाले.

विश्वासराव इंगवल्यांच्या पंगतीचं पंचक्रोशीत नाव होतं. आग्रह असा, की पाहुण्यानं घरी जाऊन ओवा मागावा. आणि त्याचा तोरा तरी केवढा! पण आज हा माणूस आपल्याच घरच्या जेवणाला घाबरला होता. सहा वर्षांपूर्वी थोरला भाऊ भरल्या ताटावरून उठून गेला, तो पुन्हा उंबऱ्यात आला नव्हता. उद्या येतो म्हणाला होता. आणि उद्याही उठला तर? मग या जन्मी तोंड दिसायचं नाही.

"त्या दिवशी काय कमी पडलं होतं?"

"छे हो! श्रीखंड होतं, मठ्ठा होता..."

"मग उठला का?"

"त्याचं दुकान बुडालं होतं. माझ्याकडेच राहत होता. दुसऱ्यांदा भात मागितला, आणि मी म्हणालो... बसून खाणाऱ्याला भूक फार लागते. चारचौघांत म्हणालो, बुवा."

"तू कुठं होतास?"

"मी वाढत होतो."

"आणि उद्या?"

"उद्याही मीच वाढणार. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

बुवांनी पत्रावळ पुढं सरकवली.

"वाढ."

विश्वासरावांनी आमटीचा डाव उचलला. हात असा लटलटायला लागला, की अर्धी आमटी जमिनीवर सांडली.

"बघा! उद्या हेच होणार बघा!"

बुवा उठले. त्यांनी डाव काढून घेतला, विश्वासरावांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि दुसरी पत्रावळ मांडून भात वाढला.

"जेव."

"अहो, तुम्ही मला वाढायचं? भलतंच काहीतरी!"

बुवा वाढत राहिले. त्या दिवशी दादा असाच बसला होता आणि डाव विश्वासरावांच्या हातात होता. मान वर करायचीही त्यांना लाज वाटत होती.

ते म्हणाले, "म्हणजे... उद्या डाव दादाच्या हातात देऊ? पाहुण्याला वाढायला लावू?"

"पाहुण्याला नको. भावाला."

विश्वासरावांनी घास परत पानात ठेवला.

"आणि माझ्या पानाशी येऊन त्यानं डाव खाली ठेवला तर? सगळ्यांच्या देखत?"

बुवांनी त्यांच्या पानावर आणखी थोडा भात घातला.

"तर तू उपाशी ऊठ."