बागेतल्या पाण्याचा भाव

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात वैजयंता नावाची एक कासारीण राहत होती. बाजारपेठेत तिचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तिच्या मैत्रिणी तिथे जमत आणि मोबाइलवर एक खेळ खेळत.

खेळ साधाच होता. प्रत्येकीची एक बाग. फुलझाडं लावायची, त्यांना पाणी घालायचं आणि फुललेली फुलं एकमेकींना धाडायची. पाणी तेवढं विकत घ्यावं लागे. पण ते इतकं स्वस्त होतं की त्याचा विचार कुणी करत नसे.

त्यांच्यातली कुमुद मात्र दुकानात कधी येऊ शकत नसे. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना सोडून तिला उंबरठा ओलांडता येत नव्हता. ती घरूनच खेळायची. कुणी तिच्या बागेत जाईची ओंजळ ठेवून गेलं की तिला वाटे, आपल्याकडे कुणीतरी येऊन गेलं. सगळ्यांत सुंदर बाग तिचीच होती.

एके सकाळी खेळवाल्या कंपनीने पाण्याचा भाव एकदम तिप्पट केला. आधी सांगणं नाही, कारण देणं नाही.

दुकानात एकच गलका उठला. तारामती म्हणाली, "मेल्यांनी आधी चटक लावली, आता गळा धरला." एकीने कंपनीला शिव्या लिहून पाठवल्या. दुसरी म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांनाही पोट आहे." जुबेदाने तर रागाने फोन आपटायला उचलला, मग तो आपल्याच पैशांचा आहे हे आठवून हळूच खाली ठेवला.

वैजयंता धंदा करणारी बाई. ती म्हणाली, "मी एका रात्रीत बांगड्यांचा भाव तिप्पट केला, तर तुम्ही माझी पायरी चढाल का? नाही ना? मग तिथेही चढायची नाही. भाव उतरेपर्यंत बागेत कुणी पाऊल टाकायचं नाही."

सगळ्यांनी हातावर हात ठेवून शब्द दिला. कुमुदने फोनवरून दिला. ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या थांबणार असाल, तर मीही थांबते."

ही गोष्ट आजूबाजूच्या गावांत पसरली. तिथल्या लोकांनीही खेळ बंद ठेवला. कंपनी नरम पडू लागली. भाव थोडा खाली आला. "आणखी थोडी कळ काढा, अजून उतरेल," असं वैजयंता सगळ्यांना सांगत राहिली.

पण थांबणं जड जात होतं. फोनवर रोज निरोप येई, 'तुमची फुलं माना टाकत आहेत.' त्यातच एक गिऱ्हाईक बाई बांगड्या भरून घेता घेता बोलून गेली, "तुमच्यातलीच एक गुपचूप खेळते म्हणे." कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनेही कुठेतरी ऐकलं होतं.

वैजयंताच्या मनात मात्र लगेच नाव आलं. कुमुद! दिवसभर घरात एकटी, हाताशी फोन, दुसरा विरंगुळा नाही. ती कशाला थांबेल? आपण इथे मन मारून बसलोय आणि ही बाई मजेत पाणी घालत असेल.

कुमुदचं घर पेठेच्या मागच्याच आळीत होतं. जाऊन विचारता आलं असतं. वैजयंता गेली नाही. विचारलं तर ती खोटंच बोलेल, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं. त्यापेक्षा एकदा बाग उघडावी आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करावी. पाणी घ्यायचं नाही, फक्त पाहायचं.

दुकानात कुणी नव्हतं. तिने खेळ उघडला.

सगळ्या बागा वाळल्या होत्या. जुबेदाची वाळली होती, तारामतीची वाळली होती. कुमुदच्या बागेत तर एक हिरवं पान उरलं नव्हतं. कुणीही शब्द मोडला नव्हता. वैजयंताला हायसं वाटलं आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटली. तिने घाईघाईने खेळ बंद केला.

पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिच्या नकळत सगळ्या मैत्रिणींच्या फोनवर खेळातून निरोप गेला, 'वैजयंता बागेत परत आली आहे. तुम्ही कधी येणार?'

दिवेलागणीच्या आत जुबेदा दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"आम्हाला शब्दात बांधून स्वतः खेळतेस होय?"

"खेळले नाही गं! नुसती बघायला गेले होते."

"काय बघायला?"

खोटं सांगावं, तर वैजयंताला पटण्यासारखं काही सुचेना. शेवटी ती पुटपुटली, "कुणी शब्द मोडलाय का, ते."

जुबेदा म्हणाली, "खेळली असतीस तर एक वेळ माफ केलं असतं. तू आम्हाला चोर समजलीस."

त्याच दिवशी तारामतीने पाणी विकत घेतलं. ती परतलेली पाहून दुसरी परतली, दुसरीला पाहून तिसरी. आपणच एकटी वेडी ठरावं, असं कुणालाही वाटत नव्हतं. बातमी आजूबाजूच्या गावांत पोचली आणि तिथलेही परतले. कंपनीने उतरवलेला भाव पुन्हा चढवला. बांगड्यांच्या दुकानात जमणं मात्र कायमचं बंद झालं.

कुमुद तेवढी खेळात परतली नाही. वैजयंता एकदा धीर करून तिच्या घरी गेली. कुमुद सासूबाईंना पेज भरवत होती.

"चल, तुझी बाग पुन्हा लावू," वैजयंता म्हणाली. "पाण्याचे पैसे मी भरते."

कुमुदने वर पाहिलं नाही. "तुला पहिल्यांदा माझंच नाव आठवलं ना?"

वैजयंताने मान खाली घातली.

"इतक्या जवळ असतेस," कुमुद म्हणाली. "येऊन विचारायचंस तरी. त्या निमित्ताने कुणीतरी दारात आलं असतं."

एवढं बोलून तिने सासूबाईंच्या ओठांना चमचा लावला. वैजयंता बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. कुमुद तिला "बस" म्हणाली नाही.

पुढे पाण्याचा भाव पुन्हा वाढला, पहिल्यापेक्षाही जास्त. या वेळी गावात गलका उठला नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी तक्रार लिहिली नाही. खेळणाऱ्या प्रत्येकीने आपापल्या घरी, दार लोटून, मुकाट्याने पैसे भरले. वैजयंताने रिकाम्या दुकानात बसून आपलेही भरले.

तात्पर्य: सोबत्याला विचारायचं सोडून जो त्याच्यावर पाळत ठेवतो, तो लढाईही हरतो आणि सोबतही गमावतो; संशय खोटा निघाला म्हणून ती सोबत परत मिळत नाही.